विद्या विकावी कीं वांटावी?

गेल्या चातुर्मासांत पुण्यांतील आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. चहा होऊन इकडच्यातिकडच्या गोष्टी चालल्या असतां, घरांत कांहीं तरी बिनसलें आहे हें आमच्या ध्यानांत आलें. स्नेही बँकेंतून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. चिरंजीव संगणकाच्या धंद्यांत, वय तिशीच्या आंतलें. दोघेहि आमच्याशीं बोलत होते, परंतु एकमेकांशीं बोलत नव्हते. अखेर स्नेह्यांच्या मातोश्रींनींच कोंडी फोडली. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारी माणसं. आतां तुम्हीच सांगा या दोघांना. हा म्हणतो वीक, तो म्हणतो वांटतो. आणि विकायचं काय, वांटायचं काय, तें मला मेलीला डोळ्यांनीं दिसतहि नाहीं!"

हकीकत अशी होती. चिरंजीवांचे आजोबा संस्कृतचे शिक्षक. त्यांनीं उतारवयांत लिहिलेलीं टिपणें १९९६ सालीं एका ओळखीच्या माणसाकडून संगणकावर जुळवून घेतलीं होतीं. आजोबा गेले, मूळ वह्या घर बदलतांना गहाळ झाल्या, आणि संगणकांतील टिपणें उघडावीं तों पडद्यावर रोमी अक्षरें व चिन्हें यांची निव्वळ खिचडी! कारण त्या काळीं मराठी अक्षरसंच करणारा प्रत्येक कारखानदार रोमी अक्षरांच्या जागीं आपल्या सोयीनें देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवीत असे. तो विशिष्ट अक्षरसंच जवळ असेल तरच मराठी दिसावें, नाहीं तर नाहीं. नातवानें दोन वर्षें रविवार खर्ची घालून या जुन्या लिखाणाचें हल्लींच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतींत रूपांतर करणारें एक 'मॉड्यूल' तयार केलें. आजोबांचीं टिपणें वाचतां आलीं. त्यावर एका प्रकाशनसंस्थेनें तें मॉड्यूल सर्व हक्कांसह चार लाख रुपयांस मागितलें. वडिलांचें म्हणणें, घराचें कर्ज डोक्यावर आहे, लक्ष्मी दारांत आली आहे, तिला परत लावूं नये. मुलाचें म्हणणें, असलीं टिपणें घरोघरीं कुजत पडलीं आहेत; मॉड्यूल सर्वांस मुक्त करीन, म्हणजे सर्वांचींच वाचतां येतील.

आम्हीं त्या वेळीं मत दिलें नाहीं. वाचून, जाणत्यांस विचारून सांगूं, असें म्हणून उठलों. त्या वाचनाविचाराचें फलित या लेखांत मांडीत आहों. कारण घरांतील एक तरी मूल या धंद्यांत नाहीं असें कुटुंब आमच्या वाचकवर्गांत आतां विरळाच असेल.

बरणी आणि पाककृति

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर तें त्यास पायरीपायरीनें लिहून द्यावें लागतें. या लिखाणास आज्ञावली म्हणतात. मोठी आज्ञावली सबंध एकसंध अशी क्वचितच लिहितात. तिचे लहान लहान, स्वयंपूर्ण भाग पाडून ते एकमेकांस जोडतात. अशा भागास मॉड्यूल म्हणावयाचें. एकदां नीट वठलेलें मॉड्यूल हजार ठिकाणीं बसवितां येतें.

आज्ञावलीस दोन रूपें असतात. एक मनुष्यास वाचतां येईल असें मूळ लिखाण. दुसरें त्यावरून सिद्ध झालेलें, यंत्रासच कळणारें रूप. मातोश्रींस आम्हीं हें लोणच्याच्या दृष्टान्तानें सांगितलें. बाजारांतून आणलेल्या बरणींतील लोणचें खातां येतें, परंतु त्यांत मीठ किती, मेथी किती हें कळत नाहीं, आणि चव बदलावी म्हटलें तर बदलतां येत नाहीं. पाककृति हातीं असेल तर स्वतः घालतां येतें, सुधारतां येतें, शेजारणीसहि देतां येतें. बरणी विकणें हा एक मार्ग. बरणीबरोबर पाककृतीहि देऊन 'वापरा, बदला, दुसऱ्यास द्या' असें लेखी सांगणें हा दुसरा. या दुसऱ्या मार्गास 'ओपन सोर्स' म्हणजे मुक्त स्रोत हें नांव आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हें येथेंच सांगून ठेवतों; पुढें त्याचें महत्त्व दिसेल.

विक्रीची प्रथा कशी पडली

विक्री ही सनातन आणि वांटणी ही नवी टूम, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति उलट आहे. आरंभीच्या काळीं संगणक हें मोठें यंत्र विकलें वा भाड्यानें दिलें जाई व आज्ञावल्या त्याबरोबर आपोआप येत. १९५५ सालीं आय्. बी. एम्. च्या यंत्रांच्या गिऱ्हाइकांनीं अमेरिकेंत 'शेअर' नांवाचें मंडळच काढलें; एकानें लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यास द्यावी, म्हणजे तेंच काम दहा ठिकाणीं पुन्हां करावें लागूं नये, हा त्याचा हेतु. जून १९६९ मध्यें आय्. बी. एम्. नें आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी लावण्याचें जाहीर केलें, आणि तेथून आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल होत गेला.

३ फेब्रुवारी १९७६ रोजीं बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणानें हौशी संगणकवाल्यांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. त्याची कंपनी 'बेसिक' ही भाषा विकत असे. परंतु ती वापरणाऱ्यांपैकीं दहांतील एकानेंहि ती विकत घेतली नव्हती, बाकीच्यांनीं परस्पर नकला करून घेतल्या होत्या. मिळालेल्या पैशांचा हिशेब केला तर आमच्या श्रमाचें मोल तासास दोन डॉलरांहूनहि कमी पडतें, असें त्यानें लिहिलें, आणि फुकट काम कोण करील, असा रोकडा प्रश्न टाकला. पुढें त्यानें जमविलेल्या संपत्तीमुळें पुष्कळ लोक या पत्राची थट्टा करतात; परंतु प्रश्न खोटा नव्हता. तोच प्रश्न आमचे स्नेही आपल्या मुलास विचारीत होते.

याला उत्तर देणारा मनुष्यहि लवकरच निघाला. मॅसॅच्युसेट्स येथील एम्. आय्. टी. च्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असे. तेथील छपाईयंत्रांत कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत त्यानें अशी सुधारणा केली होती कीं, कागद अडकतांच सर्वांस सूचना जावी. नवें यंत्र आलें तें मूळ लिखाणावांचून. तें ज्याच्यापाशीं होतें त्यानें, कोणास दाखविणार नाहीं असें लिहून दिलें आहे, म्हणून नकार दिला. शेजारधर्मासच कागदोपत्रीं बंदी घातली गेली, ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें 'ग्नू' या मुक्त संगणकप्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ सालीं 'जीपीएल' नांवाचा परवाना सिद्ध केला. त्याचें मर्म एवढेंच: हें लिखाण घ्या, बदला, दुसऱ्यास द्या, हवें तर विकाहि, मात्र सुधारून दुसऱ्यास द्याल तेव्हां मूळ लिखाणासकट, याच अटींवर द्या. १९९१ मध्यें फिनलंडांतील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहिला व पुढील वर्षीं तो याच परवान्याखालीं आणला. आज आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या हातांत अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या हातांत तो गाभा आहे.

आपल्याकडील एक जुनें उदाहरण

पिढ्यान् पिढ्या विद्यादानावर पोसलेल्या आपल्या समाजास हा वाद अपरिचित नाहीं. वेतन घेऊन शिकविणाऱ्यास धर्मशास्त्रानें कमी लेखलें आहे, आणि कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त केवळ पोटासाठीं विद्या वापरणाऱ्यास ज्ञानाचा व्यापारी म्हटलें आहे. परंतु नुसत्या वचनांनीं काम भागत नाहीं. विद्यादानाच्या पाठीशीं दक्षिणा, वर्षासन, माधुकरी अशी पोटाची व्यवस्था समाजानें लावून दिलेली होती, हें विसरून चालणार नाहीं. व्यवस्था काढून घ्यावयाची व दान मात्र मागावयाचें, हा न्याय नव्हे.

याहून बोधप्रद उदाहरण पंचांगाचें आहे. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें इ. स. १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला. ज्या-चापाचें किचकट गणित टाळून ग्रहांचीं स्थानें काढण्याच्या सुटसुटीत रीति त्यानें दिल्या. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तें एक उत्तम मॉड्यूलच होतें. कोणीहि नकलून घ्यावें, पाठ करावें, त्यावर टीका लिहावी, मज्जाव नव्हता. शतकानुशतकें महाराष्ट्रांतील पंचांगें त्यावरून झालीं. ज्योतिषी पंचांग सांगून दक्षिणा घेत, पुढें छापखानेवाले पंचांगें छापून विकीत. म्हणजे रीति सर्वांची, आणि तिच्या आधारें केलेल्या कामाचें मोल ज्याचें त्यास. ही व्यवस्था मोठी शहाणपणाची होती.

परंतु तिच्यांतील वैगुण्यहि पाहिलें पाहिजे. काळ लोटला तसें गणित व आकाश यांत अंतर पडूं लागलें. ग्रंथ सर्वांचा, म्हणून दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच नाहीं! केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं तेव्हां नव्या गणिताचा पाया मराठींत पडला. आणि त्यानंतरहि पंचांगशुद्धीचा वाद किती वर्षें गाजला, हें वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. वांटलेली वस्तु वाढते हें खरें. पण तिची निगा कोणी राखावयाची, हें ठरलें नसेल तर ती विटते हेंहि तितकेंच खरें.

फुकट्यांचा बाजार

मुक्त स्रोताच्या जगांत नेमकी हीच गोष्ट घडली आहे. महाजालावरील व्यवहार गुप्त राखणारें 'ओपनएसएसएल' नांवाचें मॉड्यूल बँकांपासून दुकानांपर्यंत सर्वत्र वापरांत होतें. एप्रिल २०१४ मध्यें त्यांत 'हार्टब्लीड' म्हणून ओळखला गेलेला घोर दोष सांपडला, आणि तपासाअंतीं कळलें तें असें कीं, ज्यावर अब्जावधींची उलाढाल चाले, त्या कामास देणग्या म्हणून वर्षाकांठीं सुमारें २,००० डॉलर मिळत व पूर्ण वेळ राबणारा जवळजवळ एकटाच असे. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्टपॅड' नांवाचें अवघ्या अकरा ओळींचें मॉड्यूल त्याच्या कर्त्यानें नांवाच्या एका वादांत रागावून काढून घेतलें, तों जगभर हजारों कामें तात्पुरतीं खोळंबलीं.

सर्वांत चटका लावणारी हकीकत २०२४ सालची. 'एक्सझेड' हें लिखाण आटोपशीर करून सांठविण्याचें मॉड्यूल एक गृहस्थ वर्षानुवर्षें एकहातीं सांभाळीत होते. प्रकृति ठीक नाहीं, हें काम बिनमोबदल्याचें आहे, असें त्यांनीं उघड सांगितलेलें. तरी लोकांचे तगादे चालूच. अशा वेळीं एक मदतनीस पुढें आला, दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम करून त्यानें विश्वास संपादिला, आणि अखेरीस त्या मॉड्यूलमध्यें चोरवाट घालून ठेवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपलें यंत्र नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद उशीर कां लावतें, अशी शंका आली, तिचा त्यानें पिच्छा पुरविला, म्हणून मार्चच्या अखेरीस हें बिंग फुटलें व मोठा अनर्थ टळला. मूळ लिखाण खुलें होतें म्हणूनच शोध घेतां आला, असें मुक्त स्रोताचे कैवारी म्हणतात, आणि तें खरें आहे. परंतु थकलेल्या एकट्या माणसास कोणीं चार पैसे व खराखुरा सोबती दिला असता, तर चोरास दार उघडें सांपडलें नसतें, हेंहि खरें आहे.

हार्वर्ड बिझिनेस स्कूलच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं एक हिशेब मांडला. जगांत सर्वत्र वापरांत असलेलीं मुक्त मॉड्यूलें एकदां नव्यानें लिहून काढावयाचीं तर सुमारें ४१५ कोटि डॉलर लागतील. पण तीं नसतीं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीस आपापलीं लिहावीं लागलीं असतीं, तर हाच आंकडा सुमारें ८·८ लक्ष कोटि डॉलरांवर गेला असता. आणि या मोलापैकीं शेंकडा ९६ भाग हा लिहिणाऱ्यांपैकीं अवघ्या शेंकडा ५ माणसांच्या श्रमाचा आहे. म्हणजे विहीर गांवाची, आणि गाळ काढणारीं माणसें मोजकीं! आमच्या स्नेह्यांस या आंकड्यांनीं जोर आला. "मी तेंच म्हणतों," ते म्हणाले, "माझा मुलगा त्या शेंकडा पांचांत कशाला हवा?"

मधली वाट

परंतु एकीकडे सर्वस्व विकणें व दुसरीकडे सर्वस्व उधळणें, एवढ्या दोनच वाटा आहेत असें नाहीं. खुद्द स्टॉलमन हा १९८५ पासून आपल्या 'ईमॅक्स' आज्ञावलीच्या फिती १५० डॉलरांस एक याप्रमाणें विकीत असे. आज्ञावली मुक्त, फीत करून पाठविण्याचे श्रम विकत. अमेरिकेंतील 'रेड हॅट' या कंपनीनें मुक्त प्रणालीच्या देखभालीची हमी विकली, आणि २०१९ मध्यें आय्. बी. एम्. नें ती कंपनी सुमारें ३,४०० कोटि डॉलरांस घेतली. आपल्या मुंबईंतील 'फ्रॅपे' या कंपनीचें 'ईआरपीनेक्स्ट' हें हिशेब, माल, पगार इत्यादि सांभाळणारें सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखालीं कोणासहि घेतां येतें. कंपनीची मिळकत तें आपल्या यंत्रांवर चालवून देण्याची व साह्याची.

'ब्लेंडर'ची कथा तर सार्वजनिक वर्गणीची आठवण करून देणारी आहे. चित्रपटांतील हलतीं चित्रें करण्याचें हें साधन हॉलंडांतील ज्या कंपनीच्या मालकीचें होतें ती बुडाली. तिच्या भांडवलदारांनीं एक लक्ष यूरो मिळाल्यास मूळ लिखाण मुक्त करण्याचें मान्य केलें. कर्ता टॉन रोजेंडाल यानें वर्गणीची हांक दिली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजीं ब्लेंडर मुक्त झालें. त्याच साधनानें केलेल्या 'फ्लो' या लॅट्व्हियन चित्रपटास मार्च २०२५ मध्यें ऑस्कर मिळालें. येथें विक्री झाली, किंमत पुरी मोजली गेली. मात्र घेणारा एक नव्हता, सर्व लोक होते.

दुहेरी परवान्याचीहि एक रीत आहे. स्वीडनमधील 'मायएसक्यूएल'च्या कर्त्यांनीं आपलें लिखाण जीपीएलखालीं सर्वांस दिलें, आणि ज्या कंपन्यांस त्या अटी नकोत त्यांस दुसरा परवाना पैसे घेऊन विकला. २००८ सालीं सन कंपनीनें तें सुमारें शंभर कोटि डॉलरांस घेतलें, व २०१० मध्यें सनच ओरॅकलच्या पदरांत पडली. मूळ कर्त्यांपैकीं एक, मायकेल विडेनियस, यास हें मानवेना. त्यानें तेंच मुक्त लिखाण घेऊन 'मारियाडीबी' हा नवा संसार थाटला. आपलें लिखाण विकूनहि तें आपणांस पुन्हां घेतां यावें, हा चमत्कार केवळ परवान्यामुळें घडला.

मात्र मधल्या वाटेवरहि कांटे आहेत. आधीं मुक्त म्हणून द्यावयाचें, शेंकडों परक्यांकडून सुधारून घ्यावयाचें व जम बसल्यावर दार लावावयाचें, असाहि प्रकार अलीकडे होतो. 'रेडिस'नें मार्च २०२४ मध्यें आपला परवाना आवळला. वापरणारे नाराज होऊन त्यांनीं 'व्हॅल्की' नांवाची शाखा काढली. तेव्हां मे २०२५ मध्यें रेडिसला पुन्हां मुक्त परवाना द्यावा लागला. बड्या कंपन्या आमचें लिखाण भाड्यानें देऊन पैसे करतात व आम्हांस कांहीं देत नाहींत, ही अशा कंपन्यांची तक्रार असते. ती अगदींच निराधार नाहीं; पण दिलेला शब्द फिरविल्यानें विश्वास जातो, आणि या व्यवहारांत विश्वास हेंच मुद्दल होय.

घरांतील कागदपत्रें

एवढें सर्व सांगून झाल्यावर आम्हीं चिरंजीवांस एक साधा प्रश्न विचारला: "हें मॉड्यूल तुमचें आहे, हें नक्की ना?" ते हंसले. परंतु नोकरीचें नेमणूकपत्र कपाटांतून काढून वाचल्यावर हंसूं मावळलें. नोकरींत असेतों जें जें सॉफ्टवेअर लिहाल तें कंपनीचें, असें एक कलम त्यांत होतें. बाप विकावयास निघाला, मुलगा वांटावयास निघाला, आणि माल आपला आहे कीं नाहीं हेंच दोघांनीं पाहिलेलें नव्हतें!

म्हणून घरोघरच्या तरुणांसाठीं कांहीं गोष्टी येथें नमूद करतों. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृतींत गणली आहे. लिहितांक्षणीं हक्क उत्पन्न होतो, नोंदणी करावीच लागते असें नाहीं. नोकरीच्या कामाच्या ओघांत लिहिलें तर, निराळा करार नसल्यास, पहिला मालक धनी असतो. फावल्या वेळीं, स्वतःच्या यंत्रावर केलेलें काम सामान्यतः स्वतःचें. परंतु नेमणूकपत्रांत याहून व्यापक कलम असूं शकतें, म्हणून लेखी संमति घ्यावी. हक्क विकावयाचेच तर मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावे. मुदत न लिहिल्यास कायदा ती पांच वर्षांची व प्रदेश न लिहिल्यास भारतापुरता धरतो. मुक्त करावयाचें तर परवाना जोडल्याशिवाय नुसतें लोकांपुढें मांडून उपयोग नाहीं. परवान्यावांचून तें दिसलें तरी कोणास वापरण्याचा हक्क मिळत नाहीं. परवाने अनेक आहेत. एमआयटीसारखा परवाना 'नांव राखा व हवें तें करा' म्हणतो; जीपीएल 'पुढेंहि मुक्तच ठेवा' म्हणतो. आणि दुसऱ्यांचीं मुक्त मॉड्यूलें आपल्या कामांत वापरलीं असतील तर त्यांच्या अटी आपल्यावर बांधून येतात, हें विसरूं नये.

शेवट काय झाला

चिरंजीवांनीं कंपनीकडे लेखी अर्ज केला. दीड महिना कांहीं उत्तर नव्हतें. त्या दिवसांत बापलेकांस, आपण कशासाठीं भांडत होतों हें निवांतपणें बोलण्यास सवड मिळाली. मुलानें वडिलांस सांगितलें कीं, मला दानशूर व्हावयाचें नाहीं. पण आजोबांचीं टिपणें अडकलीं तीं अक्षरसंच एकाच्या मुठींत होता म्हणून, आणि आतां त्यांची किल्ली मी दुसऱ्या मुठींत कशी देऊं? वडिलांनीं मुलास सांगितलें कीं, किल्ली कोणाच्या मुठींत देऊं नकोस, पण कुलूप उघडून देण्याची मजुरी मागावयास लाजूं नकोस. आम्हांस जें चार पानांत सांगतां आलें नाहीं तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं संमतिपत्र आलें. मॉड्यूल जीपीएलखालीं मुक्त केलें. प्रकाशनसंस्थेनें चार लाखांची गोष्ट अर्थातच सोडून दिली. परंतु जुन्या तीस वर्षांचें लिखाण रूपांतरित करून, तपासून देण्याचें काम एक लाख वीस हजारांस ठरलें. "चारांचे सव्वाहि झाले नाहींत," असें आमचे स्नेही म्हणाले, आणि तें खरेंच आहे. कर्जाचे हप्ते तत्त्वांनीं फिटत नाहींत. पण तेच आतां संध्याकाळीं वही घेऊन बसतात व कोणत्या गांवाहून कोणीं कोणत्या अक्षरसंचाविषयीं लिहिलें, कोणती चूक दाखविली, याची नोंद ठेवतात. निगा राखणारा एक मनुष्य मॉड्यूलला घरांतच मिळाला.

निघतांना मातोश्रींनीं विचारलें, "सगळं देऊन टाकलं, तर याच्याजवळ उरलं काय?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तों नातवानें आजोबांचीं टिपणें मोठ्या अक्षरांत छापलेलीं त्यांच्या पुढ्यांत ठेवलीं. त्यांनीं चष्मा पुसला, पहिलें पान वाचलें, आणि मग आमच्याकडे कोणाचें लक्षच राहिलें नाहीं.